आकडा, वेळ, ठिकाण आणि खात्री : मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक, आउटपुट प्रमुख आणि असाइनमेंट डेस्कवरील सहकारी,
मुंबई

सप्रेम नमस्कार.

गोदावरीला पाणी आले की नाशिकहून मुंबईला जाणारा पहिला शॉट ठरलेला असतो. दुतोंड्या मारुती, मागे रामकुंडाकडचा प्रवाह आणि बाजूला निम्मी बुडालेली घाटावरची देवळे. शॉट चांगला आहे. नाशिककर पिढ्यान् पिढ्या पुराची पातळी याच मूर्तीवरून सांगत आले : पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीशी आले. तो जरूर दाखवा. पण घाटावरची छोटी देवळे पात्राला लागूनच आहेत आणि धरणातून मध्यम विसर्ग झाला तरी ती पाण्यात जातात. तोच शॉट 'नाशिक पाण्याखाली' या पट्टीसह तासभर फिरला की पुण्या-नागपुरातल्या नातेवाइकाला गोदावरीपासून दूरचे सिडको आणि इंदिरानगरही बुडाल्यासारखे वाटते. ज्या दुकानदाराने खरोखर माल हलवायला हवा, त्याला मात्र पाणी कधी वाढणार हे कळलेलेच नसते.

आम्ही नाशिक जिल्ह्यात वाहिन्यांसाठी काम करणारे बातमीदार, कॅमेरामन आणि व्हिडिओ एडिटर आहोत. बातमी रंजक नसावी असा सोवळा आग्रह आमचा नाही. कंटाळवाणी बातमी कुणी बघत नाही आणि कुणी न बघितलेली बातमी कुणाच्याच उपयोगी पडत नाही. रंजन मांडणीत असू द्या. शॉटमध्ये, आवाजात, भाषेत, बातम्यांच्या क्रमात असू द्या. मात्र आकडा, वेळ, ठिकाण आणि खात्री या चार गोष्टींना त्याचा हात लागता कामा नये. पुढचे सगळे पत्र या एका मागणीसाठी आहे.

पुराचेच आधी पूर्ण करतो. जलसंपदा विभागाकडून दिवसभर विसर्गाची यादी येते : गंगापूर, दारणा, पालखेड ही धरणे, शहरातला होळकर पूल आणि खालचा नांदूरमध्यमेश्वर बंधारा. डेस्कवर कधी कधी यातले सगळे आकडे बेरजेला घेतले जातात आणि 'गोदावरीत इतके लाख क्युसेक' अशी पट्टी लागते. ही बेरीज चुकीची आहे. गंगापूरचे पाणी होळकर पुलाखालून पुढे जाते, दारणेचे पाणी खाली गोदावरीला मिळते, पालखेडचे कादवा नदीतून येते, आणि हे सगळे मिळून नांदूरमध्यमेश्वरला पोचते. म्हणजे नांदूरमध्यमेश्वरच्या आकड्यात वरचे आकडे आधीच आलेले असतात. जायकवाडीकडे किती पाणी चालले हे सांगायचे असेल तर फक्त नांदूरमध्यमेश्वरचा आकडा घ्यावा. नाशिक शहराला धोका किती हे सांगायचे असेल तर होळकर पुलाचा घ्यावा. तो गंगापूरच्या विसर्गापेक्षा बहुधा जास्त असतो, कारण धरण आणि शहर यांच्यामधल्या नाल्यांचे, पावसाचे पाणीही त्यात येते. सराफ बाजाराचे दुखणे तर आणखी वेगळे. तिथे सरस्वती नाल्याचे पाणी तुंबूनही दुकानांत शिरते, मग धरणाचे दरवाजे बंद का असेनात. 'गंगापूरमधून पाणी सोडल्याने सराफ बाजार जलमय' ही पट्टी लावण्याआधी विसर्ग सुरू आहे का, एवढे तरी विचारा. चुकीचे कारण पडद्यावर गेले की नाल्याची जबाबदारी ज्यांची, ते नामानिराळे राहतात.

एककांची गल्लतही नेहमीची. क्युसेक हा वेग आहे, टीएमसी हा साठा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. १ टीएमसी म्हणजे १००० दशलक्ष घनफूट, आणि ११,५७४ क्युसेकने सलग २४ तास पाणी सोडले तर ते १ टीएमसी भरते. गंगापूरची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे साडेपाच टीएमसीच्या थोडी वर. हे चार आकडे कागदावर लिहून पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या प्रक्षेपण कक्षात, चिकटवले तरी निम्म्या चुका थांबतील. 'सेकंदाला १ लाख ७० हजार लिटर पाणी' असे लिहिले की थरार वाटतो. ते ६ हजार क्युसेकच आहे, आणि नदीकाठच्या माणसाला क्युसेकचा अंदाज असतो, लिटरचा नसतो. त्याला कळणारा आकडा बदलून त्याला न कळणारा मोठा आकडा देणे, रंजनाने आकड्याला हात लावला म्हणजे काय, ते हेच.

आता वेगवान बातम्यांबद्दल. पंधरा मिनिटांत शंभर बातम्या म्हणजे एका बातमीला नऊ सेकंद. त्यातून क्रमांकाचे ग्राफिक आणि 'व्हूश' यांची दोन सेकंदे वजा करा. उरलेल्या सात सेकंदांत अँकर कितीही सफाईने वाचो, पंधराएक शब्द बसतात. आता पुराची एक साधी, उपयोगी सूचना घ्या (आकडे उदाहरणापुरते) : 'गंगापूर धरणातून दुपारी बारापासून ६ हजार क्युसेक पाणी सोडणार, सध्याचा विसर्ग ३ हजार. रामकुंड, गोदाघाट, सराफ बाजार परिसरातील दुकानदारांनी खालचा माल हलवावा, गाड्या घाटावर लावू नयेत. पुढची माहिती दोन वाजता.' हे तीस शब्द आहेत. वाचायला पंधरा सेकंद लागतात. शंभरच्या साच्यात त्यातला पहिला निम्मा भाग जातो आणि काय करायचे, कुणी करायचे, पुढची माहिती कधी, हे सगळे गळते. उरतो तो केवळ घाबरवणारा भाग. कुणीही मुद्दाम घाबरवलेले नसते, साचाच तसा आहे. म्हणून शंभरऐवजी साठ बातम्या करा आणि त्यातल्या पाच-सहांना वीस सेकंदे द्या. कार्यक्रमाचा वेग कमी झाल्याचे प्रेक्षकाच्या लक्षातही येणार नाही. ज्याचे दुकान नदीकाठी आहे, त्याच्या मात्र ते नक्की लक्षात येईल.

कांद्याच्या बातमीत हेच दुसऱ्या वाटेने घडते. लासलगावला रोजच्या लिलावानंतर बाजार समिती तीन दर सांगते : किमान, कमाल आणि सरासरी, तेही क्विंटलमागे. समजा किमान ७००, कमाल २,१०० आणि सरासरी १,४५० असे दर निघाले. कमाल दर त्या दिवशीच्या मोजक्या, निवडक मालाच्या गाड्यांना मिळालेला असू शकतो. पट्टी मात्र लागते 'कांदा २,१०० पार'. मुंबईतली गृहिणी समजते की कांदा महागला. चांदवड-निफाडचा शेतकरी कांदाचाळीत साठवलेला माल काढून दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर भरतो. गाडीभाडे, मजुरी खर्च करून तो उभा राहतो आणि लिलावात त्याच्या कांद्याला हजाराच्या आसपास बोली लागते. तिन्ही दर एकाच प्लेटवर (पडद्यावरच्या चौकटीत) लिहिले तर चार सेकंद जास्त लागतील. त्यात सरासरीचा आकडा मोठ्या अक्षरात असावा, आवक किती झाली आणि कांदा टिकणारा उन्हाळ की लवकर खराब होणारा लाल हेही असावे. उन्हाळ आणि लाल यांचे दर एकमेकांशेजारी ठेवून 'घसरण' किंवा 'उसळी' दाखवणे तर साफ चुकीचे. टिकाऊपणाच वेगळा असल्याने त्यांची तुलना होत नाही.

निर्यातीच्या निर्णयांचे वार्तांकन याहून महत्त्वाचे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली, ४ मे २०२४ ला ती उठली तेव्हा टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क होतेच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. यातल्या प्रत्येक वेळी पहिल्या दिवशी पडद्यावर चर्चा रंगली ती कोण कुणाला काय म्हणाले याची. शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला हवे होते ते असे : अधिसूचना कोणत्या तारखेची, लागू कधीपासून, बंदरात भरून उभ्या असलेल्या मालाला सूट आहे का, मुदत कधीपर्यंत. हे चार प्रश्न अधिसूचनेच्या दोन पानांत सुटतात. नेत्याचा बाइट (प्रतिक्रिया) त्यानंतर लावा, हवा तेवढा झणझणीत लावा.

डेस्कवर हे का होत नाही, ते आम्हाला ठाऊक आहे. स्टुडिओत चार खिडक्यांची चर्चा लावली की तासभर भरतो. पाहुणे फोनवर मिळतात, गाडी लागत नाही, कॅमेरा बाहेर पडत नाही. येवल्याच्या पाण्याच्या टँकरवर तीन मिनिटांचे पॅकेज करायचे तर एक गाडी, एक कॅमेरा, एक बातमीदार आणि अख्खा दिवस जातो. त्यात बहुतेक जिल्ह्यांत स्ट्रिंगरला, म्हणजे पगारावर नसलेल्या स्थानिक बातमीदाराला, पैसे मिळतात ते लागलेल्या बातमीचे. टँकरची बातमी लागत नाही, अपघाताच्या सीसीटीव्हीची लागते. महिनाभरात कोणता माणूस कशाच्या मागे धावायला शिकेल, हे सांगायला नको. जिल्ह्यातून माहिती यावी असे वाटत असेल तर महिन्याला ठरावीक संख्येने अशा बातम्या मागवा आणि त्या लागोत न लागोत, त्यांचे पैसे द्या. पत्रातली पैशाची मागणी ही एवढीच, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त फरक तिनेच पडेल.

रेटिंगचे कारण दर वेळी पुढे येते. रेटिंगसाठी घरात बसवलेला मीटर आवाजातल्या वॉटरमार्कवरून (कानाला न कळणाऱ्या खुणेवरून) कोणती वाहिनी लागली आहे ते ओळखतो. ती लक्ष देऊन पाहिली की घरात नुसती चालू होती, हे त्याला कळत नाही. शिवाय बातम्यांचे आकडे मार्च २०२२ पासून चार आठवड्यांच्या सरासरीने येतात, ते नमुना लहान पडून आकडे हेलकावे खातात म्हणूनच. तेव्हा एखाद्या दिवसाच्या एखाद्या अर्ध्या तासावरून 'पुराचे चालले नाही, भांडणाचे चालले' असा निकाल देणे आकडेशास्त्रातही बसत नाही. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ हे रेटिंग बंदच होते. त्या काळातही पडद्यावरचा गोंगाट फारसा उतरला नाही. सगळे खापर रेटिंगवर फोडता येणार नाही. सवयही तितकीच जबाबदार आहे, आणि सवय संपादकाच्या हातात असते.

एडिटिंगमधल्या तीन गोष्टी. चार सेकंदांचा दगडफेकीचा शॉट मिनिटभर लूपवर ठेवला की तो पंधरा वेळा दिसतो. एकदा फेकलेला दगड प्रेक्षकाच्या मनात पंधरा दगड होतो आणि एका गल्लीतली घटना शहरभर पसरल्यासारखी वाटते. लूप दोनदा, फार तर तीनदा. मग स्थिर चित्र किंवा नकाशा. जुने फुटेज लावले तर 'संग्रहित' एवढे लिहून भागत नाही, तारीख लिहा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचे शॉट दर पावसाळ्यात बाहेर निघतात आणि मोबाइलवर फिरत फिरत आजचे होऊन बसतात. मृतदेह, रडणारे नातेवाईक यांच्या चित्राखाली संगीत अजिबात नको. तिथला मूळ आवाज पुरेसा असतो, कित्येकदा तोही बंद ठेवावा लागतो.

बिबट्याबद्दल थोडक्यात, पण कळकळीने. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, देवळाली या पट्ट्यात बिबट्या शिरला की वाहिन्या ठिकाणासह थेट दाखवतात. अर्ध्या तासात शेकडोंची गर्दी जमते. भुलीचे इंजेक्शन लागल्यावरही प्राणी लगेच आडवा होत नाही, काही मिनिटे जातात. त्या मिनिटांत भोवती आरडाओरडा झाला तर तो बिथरून माणसांतूनच वाट काढतो. तेव्हा परिसर सांगा, लोकांना घरात राहायला सांगा, पण इमारत, गल्ली, बंगल्याचे नाव प्राणी पिंजऱ्यात जाईपर्यंत नको. थेट चित्र थांबवले म्हणून वाहिनी बुडत नाही. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचे नाही, अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच द्यायची, हा नियम मार्च २०१५ पासून केबल टेलिव्हिजनच्या नियमांतच आहे आणि सगळ्या वाहिन्या त्यासह चालू आहेत.

आता सिंहस्थ, म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरचा कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, आणि २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट, मग नाशिकला ११ सप्टेंबर आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबर, अशी अमृतस्नाने जाहीर झाली आहेत. सिंहस्थासाठी तपोवनातल्या वृक्षतोडीचा प्रश्न आला तेव्हा कोणती झाडे, कुठली, किती, त्यांच्या जागी काय, यापेक्षा कोण कुणाशी भिडले हेच जास्त दाखवले गेले. स्नानाच्या दिवशी ही पद्धत जिवावर बेतू शकते. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद, उताराच्या रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. तेव्हा प्रत्येकाच्या हातात फोन नव्हता. या वेळी गर्दीतला प्रत्येक माणूस तुमची पट्टी चालता चालता वाचणार आहे.

म्हणून पहिली विनंती, ठिकाणाची. शैव, उदासीन आणि निर्मल मिळून दहा आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्त कुंडावर स्नान करतात. वैष्णवांचे तीन, म्हणजे दिगंबर, निर्वाणी आणि निर्मोही, नाशकात रामकुंडावर. नागा साधूंची मिरवणूक दाखवून खाली 'नाशिक' लिहिले की ती पाहायला निघालेला माणूस रामकुंडाकडे वळतो, आणि त्र्यंबक तिथून तीस किलोमीटरवर आहे. मोठ्या गर्दीच्या दिवशी अशी चुकीची वाट हजारोंनी धरणे म्हणजे काय, हे पोलिसांना विचारून पाहा. दर अर्ध्या तासाला एक नकाशा लावा : बाहेरचे वाहनतळ, तिथून बस कुठपर्यंत, चालत जायचा एकेरी रस्ता, परतीचा वेगळा रस्ता, रामकुंड भरल्यावर कोणता घाट मोकळा आहे. नाशिकरोड स्टेशनपासून रामकुंड नऊ-दहा किलोमीटर आहे, हेही बाहेरगावच्या माणसाला माहीत नसते. हा नकाशा सुबक, हलता, रंगीत करा. तुमच्या ग्राफिक्स विभागाची सगळी करामत इथे लागू द्या.

दुसरी, खात्रीची. 'चेंगराचेंगरी' हा शब्द प्रशासनाचा नियंत्रण कक्ष आणि प्रत्यक्ष ठिकाणचा बातमीदार या दोघांनी दुजोरा दिल्याशिवाय पट्टीवर जाऊ नये. गर्दीत मागच्या माणसाने तो वाचला की तो ढकलू लागतो, आणि नसलेली घटना घडते. घडलीच, तर मृतांचा आकडा एकाच स्रोताचा घ्या आणि स्रोताचे नाव, वेळ त्याच प्लेटवर लिहा. पोलिस, जिल्हा रुग्णालय आणि नियंत्रण कक्ष यांचे आकडे वेगवेगळे येतात, कारण घटनास्थळी मोजलेला मृतदेह रुग्णालयात पुन्हा मोजला जातो. तिन्हींची बेरीज करू नका. वाहिन्यांमध्ये मोठ्या आकड्याची शर्यत लागते तेव्हा तो आकडा ऐकणारी हजारो घरे त्या दिवशी आपला माणूस शोधत असतात.

तिसरी गोष्ट तंत्राची आहे, पण चुकांचे मूळ बरेचदा तिथेच असते. बॅकपॅक युनिट तीन-चार मोबाइल नेटवर्क एकत्र करून चित्र पाठवते. लाखोंच्या गर्दीत सगळीच नेटवर्क एकदम कोंडतात. चित्र गोठते, आवाज तुटतो, आणि स्टुडिओ नाइलाजाने सकाळचा शॉट 'लाइव्ह' पट्टीखाली लूपवर टाकतो. दुपारी बाराला सकाळी सहाचा मोकळा घाट दिसला, तर घरून निघणारा माणूस निघतोच. उपाय आधीच करायचा आहे : घाटाजवळ उपग्रहावरून थेट चित्र पाठवणारी ओबी व्हॅन किंवा फायबरची जोडणी, आणि सगळ्या वाहिन्यांचे मिळून दोन-तीन सामाईक कॅमेरे, उंच आणि स्थिर जागी. त्यामुळे अरुंद रस्त्यावरचे तिपाई, केबल आणि गाड्याही कमी होतील. चित्र तुटलेच, तर रेकॉर्डिंगवर त्याची वेळ लिहा आणि 'लाइव्ह' काढा. हे काम पीसीआरमधल्या एका माणसावर नावानिशी सोपवा. सर्वांचे काम म्हटले की ते कुणीच करत नाही.

चुकांच्या दुरुस्तीबद्दल. आज चुकीची पट्टी गुपचूप बदलली जाते. आठ वाजता चुकले असेल तर दुसऱ्या दिवशी आठलाच, अँकरच्या तोंडून, वीस सेकंदांत दुरुस्ती सांगा. केबल टेलिव्हिजनच्या २०२१ च्या नियमांनुसार प्रेक्षकाच्या तक्रारीची पोच वाहिनीने २४ तासांत द्यायची असते आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. समाधान झाले नाही तर पुढच्या १५ दिवसांत तो वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे जाऊ शकतो. गावोगावच्या प्रेक्षकांना हे माहीतच नाही. तक्रारीचा पत्ता रोज बातमीपत्राच्या शेवटी एकदा तरी पडद्यावर लावा.

आमच्याकडून काय मिळेल, तेही लिहून देतो. पावसाळ्यात धरणनिहाय विसर्गाची यादी, वेळ आणि मागच्या यादीशी फरक यांसह, आम्ही एकाच ठरलेल्या नमुन्यात पाठवू. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे तिन्ही दर, आवक आणि कांद्याचा प्रकार रोज संध्याकाळी येईल. प्रत्येक शॉटच्या फाइलच्या नावात तारीख, वेळ आणि नेमके ठिकाण असेल. सिंहस्थासाठी रस्ते, घाट आणि वाहनतळ यांची नावे प्रशासनाच्या अंतिम आराखड्याप्रमाणे मराठीत एकसारखी लिहून देऊ, म्हणजे एकाच घाटाला तीन वाहिन्यांवर तीन नावे पडणार नाहीत. ध्वजारोहणाच्या निदान महिनाभर आधी प्रत्येक वाहिनीच्या आउटपुटमधला एक माणूस दोन दिवसांसाठी नाशिकला पाठवा. रामकुंड, तपोवन, कुशावर्त आणि नाशिकरोड स्टेशन त्याला पायी फिरवून दाखवण्याची जबाबदारी आमची.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील काही बातमीदार, कॅमेरामन आणि व्हिडिओ एडिटर